संध्याकाळी पाचची खूण

ताई,

आज निकाल लागला. तुरुंग टळला, पण तीन वर्षं कुठल्याही वृद्धाश्रमात काम करायला मला बंदी आहे. कोर्टातून आले आणि सहा महिन्यांनी पोटभर जेवले.

अंथरुणाला खिळलेल्या आजींना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं आणि तक्त्यावर खूण करायची, एवढंच माझं काम. मी सकाळीच दिवसभराच्या खुणा करून मोकळी व्हायचे. तपासनीसबाई अकरा वाजता आल्या, तर तक्त्यावर संध्याकाळी पाचची खूण. चादर उचलली तर पाठीला जखम.

वकील म्हणाले, "कामाचा ताण होता म्हणा." मी कोर्टात म्हटलं, "ताण होताच, पण त्या दिवशी मी गप्पा मारत बसले होते." बोलले आणि छातीवरचा धोंडा उतरला. आजींची जखमही आता भरलीय, त्यांच्या लेकीनेच सांगितलं.

ही सवय कुणी लावली, असं न्यायाधीशांनी विचारलं. मी म्हटलं, माझी मीच. पहिल्या दिवशी माझ्या हातात पेन देऊन "आधीच उरकून टाक" कोण म्हणालं होतं, ते आपल्या दोघींतच राहू दे.

म्हणून हे पत्र टाकत नाही. कागद किती महागात पडतो ते कळलंय. रविवारी तुझ्याकडे येते आणि तोंडानेच सांगते: तुझ्या वृद्धाश्रमातल्या आजोबांना आधी वळव, मग खूण कर.

तुझी धाकटी