डॅशबोर्डवरचा दुसरा दिवा

प्रतापनगर, नागपूर
सोमवार, १८ ऑगस्ट

प्रिय सुशील,

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मला समजावण्यात घालवतोस, म्हणून लिहायला बसले. शिवाय लिहिलेलं राहतं. ‘आई, तू असं बोललीच नव्हतीस’ असं उद्या कुणाला म्हणता येत नाही. येत्या रविवारी तू मुखत्यारपत्राचे कागद घेऊन येणार, मी सही करणार, मग तू हे घर विकणार आणि मी पुण्याला तुमच्या मागच्या खोलीत राहायला येणार, असं आपलं ठरलं आहे. मी हो म्हटलं होतं, तेही मला नीट आठवतं. पण मधल्या काळात मी गाडीत एक छोटा दिवा बसवून घेतला. त्याची हकीकत तुला सांगायची आहे.

सगळं सुरू झालं ते इंडिकेटरवरून. त्याची टिकटिक मला ऐकू येत नाही आणि स्पीडोमीटरच्या काट्यांमधला हिरवा बाण उन्हात दिसत नाही. गेल्या वर्षी वळून झाल्यावरही तो तसाच चालू राहिला, मागचा स्कूटरवाला गोंधळला, चौकात तोंडातोंडी झाली आणि शेजारच्या मुकुंदरावांनी ते लगेच तुझ्या कानावर घातलं. दिवाळीत तू आलास तो चावी मागतच. मी दिली नाही. कळमेश्वरच्या शाळेत मी सव्वीस वर्षं एसटीनं गेले, त्यातली निम्मी उभ्यानं. निवृत्तीनंतर घेतलेली ही गाडी तुझ्या बाबांनी तीन दिवस पुसली होती. आपलं कडाक्याचं भांडण झालं. आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तूच म्हणालास, आण चावी, सर्व्हिसिंग करून आणतो. पोराला कळलं एकदाचं, असं वाटून मी त्या संध्याकाळी तुझ्यासाठी कोथिंबिरीची सांबारवडी केली. आठवते का चव? मला आठवते.

जानेवारीत गाडी पहिल्यांदा बंद पडली, रहाटे कॉलनी चौकात, मागे हॉर्नचा गोंगाट. दहा मिनिटांनी आपोआप सुरू झाली. मग फेब्रुवारीत. मग एप्रिलमध्ये भर उन्हात. मेकॅनिकनं तिन्ही वेळा गाडी ठणठणीत असल्याचं सांगितलं. गाडी ठणठणीत, म्हणजे बिघाड माझ्यात. हे तू किती हळुवारपणे सांगायचास! ‘आई, क्लच चुकत असेल तुझा, लक्षात राहत नसेल.’ मी रोज सकाळी चहाआधी पहिली वीस मूलद्रव्यं म्हणू लागले. गॅसचं बटण तीन-तीनदा बघू लागले. एका वहीत माझ्या चुका तारीखवार लिहू लागले, मुलांच्या लिहायची तशा. मे महिन्यात तू मला धंतोलीत मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलंस. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाले. सव्वीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईचा हात थरथरत होता, आणि तू शेजारी बसून माझा डावा हात हातात धरला होतास. वयाच्या मानानं सगळं ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाले. ऑटोत बसल्यावर तू म्हणालास, ‘ठीक म्हणतात गं, पण तसं असतंच असं नाही.’ जूनमध्ये तू कागदांचा विषय काढलास तेव्हा मी हो म्हटलं, ते या भीतीपोटी.

हो म्हटल्यावर वाटलं, गाडी जाईपर्यंत निदान इंडिकेटरची तक्रार तरी मिटवावी. सीताबर्डीवरून एक पिवळा एलईडी आणला, डोळ्यांसमोर लुकलुकेल असा. विज्ञान शिकवलंय, कुणाकडे कशाला जायचं? एक टोक डाव्या बाजूच्या वायरीला जोडलं, दुसरं उजव्या. डावीकडे वळताना दिवा लागे, उजवीकडे वळताना ढिम्म. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की एलईडीतून वीज एकाच दिशेनं जाते. दरवर्षी दहावीला फळ्यावर काढून दाखवत आले, तेच विसरले होते. मी गाडीतच बसून रडले. झालं, हेच ते, गेलं आपलं डोकं, असं मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी खामल्यातल्या नानाजींकडे गेले. गाड्यांच्या वायरिंगमध्ये केस पिकलेला माणूस. माझी जोडणी बघून ते हसले. ‘ताई, पहिल्यांदा हे चूक त सगळेच करतात. दोन डायोड टाकले का झालं. रडून काहून राहिल्या तुम्ही?’ सुशील, त्या एका वाक्यानं मला केवढा धीर आला ते तुला कळणार नाही. मग ते वायर ओढायला डॅशबोर्डखाली आडवे झाले आणि टॉर्च मारून वायरी चाचपू लागले. नंतर तिथूनच विचारलं, ‘ताई, गाडी फायनान्सवर हाय काय?’ मी म्हटलं, नाही, रोखीनं घेतलीय. त्यांनी काडीपेटीएवढी काळी डबी बाहेर ओढून दाखवली. ‘मंग हे कोनं बसवलं? ह्याच्यात सिम असते. गाडी कुठं हाय ते दिसते, आन् मोबाईलवर बटन दाबलं का पेट्रोलचा पंप बंद. हप्ता थकला का कंपनीवाले अशीच गाडी उभी करतात.’

मी म्हटलं, मला माहीत नाही. पण मला माहीत झालं होतं. घरी येऊन वही काढली. जानेवारी, फेब्रुवारी, एप्रिल. तिन्ही दिवशी पाव तासाच्या आत तुझा फोन आला होता, ‘आई, सहज केला.’ आईचा जीव टांगणीला लागला की लेकाला दूर पुण्यात कळतं, असं मी पारशिवनीच्या माझ्या मैत्रिणीला, यमुताईंना, कौतुकानं सांगितलंही होतं. माझी मलाच शरम वाटली.

नानाजी डबी काढून टाकायला निघाले होते. मीच थांबवलं. म्हटलं, राहू द्या, फक्त हिच्या वायरीवर दुसरा एक दिवा बसवा, लाल. पंप बंद झाला की तो लागला पाहिजे. त्यांनी डब्यातून लाल दिवा शोधून काढला आणि ते कामाला लागले. पिवळा दिवा आता दोन्हीकडे छान लुकलुकतो. लाल दिवा अठरा दिवस लागला नाही. रोज गाडी काढायची, रोज बघायची, आणि रोज तुझ्या बाजूनं एक नवी सबब शोधायची. डॉक्टरांनी ठीक म्हटल्यावर तुला लाज वाटली असेल. सूनबाईनं, मयुरानं, कान उपटले असतील. पोरगं घाबरलं होतं माझ्यासाठी, आता सावरलं. मी तर ठरवून टाकलं होतं की हा विषय जन्मात काढायचा नाही आणि रविवारी मुकाट्यानं सही करायची. आई म्हणजे अशी वेडी असते, त्याला मेंदूचा डॉक्टर लागत नाही.

आणि मग परवाचा शनिवार. यमुताईंच्या नातीच्या मुलीचं बारसं होतं. आदल्या दिवशी फोनवर मी तुला मुद्दाम सांगितलं, पारशिवनीला जातेय, स्वतः गाडी घेऊन. तू म्हणालास, ‘जा नं आई, सावकाश जा.’ कन्हानचा पूल ओलांडून मी थोडी पुढे गेले असेन, मागे ट्रक होता, आणि लाल दिवा लागला. इंजिन गप्प. स्टिअरिंग जड झालं. होतं नव्हतं ते बळ लावून गाडी कडेला घेतली, ट्रक हॉर्न दाबत अगदी घासून गेला. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला माझ्या डोक्याची भीती वाटली नाही, ट्रकची वाटली. चार मिनिटांनी तुझा फोन. ‘सहज केला’, आणि लगेच, ‘गाडी बंद पडली का गं?’ मी तर काहीच बोलले नव्हते. मी म्हटलं, ‘हो रे, माझंच काहीतरी चुकलं असेल.’ तू सुटकेचा निःश्वास टाकलास. तो मात्र या बहिऱ्या कानांना स्पष्ट ऐकू आला. ‘असू दे आई,’ म्हणालास, ‘रविवारनंतर ही कटकटच राहणार नाही.’ दिवा विझला. मी पारशिवनीला गेले, बाळाला पाळण्यात घातलं, पोटभर जेवले आणि गाडी चालवत परत आले.

तुझी काळजी मला समजली असती रे. चावी लपवली असतीस, चारही चाकांची हवा काढली असतीस, चौकात उभं राहून माझ्यावर ओरडला असतास, तर मी दोन महिने अबोला धरून माफ केलं असतं. पण मी ते घड्याळ काढत होते तेव्हा तुला सगळं माहीत होतं. माझा हात कशानं थरथरतोय हे त्या खोलीत फक्त तुला ठाऊक होतं, आणि तू तो हात धरून बसला होतास. याला मी काय म्हणू? मयुराला हे माहीत होतं का, ते मला कळवू नकोस.

मी सही करणार नाही. घर विकायचं नाही. हे तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं, पण ते मला जमणार नाही, म्हणून हे पत्र आजच कुरिअरनं टाकते आहे, तू निघण्याआधी मिळावं म्हणून. आलास तर तू दारात उभा राहशील, बॅग खाली ठेवून ‘आई, भूक लागली’ म्हणशील. मी कणीक मळायला घेईन. जेवण झाल्यावर तू कागद पुढे सरकवून पेन देशील, आणि मी सगळं माहीत असूनही सही करीन. माझं डोकं शाबूत आहे सुशील, पण तू समोर असलास की ते चालत नाही, कधीच चाललं नाही. म्हणून येऊ नकोस.

तुझीच, पूर्ण शुद्धीत असलेली,
आई