चौघांचे आधीपासूनचे आजार

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

एप्रिलमध्ये आपण चौघं दादाकडे परदेशी जातोय, तोवर त्याचं बाळ बसायला लागलेलं असेल, हे आईने तुला कळवलंच आहे. तिकिटं झाली. राहिला प्रवासाचा विमा. घरात मापयंत्रं तपासायची नोकरी करणारी मी एकटी, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. फोनच केला असता, पण गेल्या उन्हाळ्यापासून तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुला ऐकू जावं म्हणून ओरडलं की सगळ्या घराला ऐकू जातं. हे पत्र घराला ऐकू जायला नको आहे.

एजंटने तीन पॉलिसी दाखवल्या. सगळ्यात स्वस्त पॉलिसीत तब्येतीबद्दल एकही प्रश्न नाही आणि बाबांना नेमकी तीच पसंत पडली. मला नाही. जे आधी काही विचारत नाहीत ते नंतर, माणूस दवाखान्यात आडवा पडलेला असताना, सगळं विचारतात. मी बारीक अक्षरातली पानं वाचली. आधीपासूनच्या आजाराचा खर्च ते देणार नाहीत, आणि आजार आधीपासूनचा होता की नाही हे तेच ठरवणार. म्हणून मी तिसरी निवडली. तिच्यात प्रश्नच प्रश्न आहेत: आजार कोणते, औषधं कोणती, डॉक्टरांनी सांगितलेली एखादी तपासणी करायची राहिली आहे का. खरं सांगितलं तर पैसे जास्त घेतात, पण मग शब्द पाळतात.

तेव्हा तुझे आजार कळव. आईने थायरॉइड सांगितलं. बाबा म्हणाले, माझ्यापुढे ‘काही नाही’ लिही. जन्मभर औषधांचं दुकान चालवलेला माणूस आजारी पडला तर गिऱ्हाइकांनी कुणाकडे बघायचं.

माझा संशय आईवर आहे. मी तिला दोनदा ओट्याला धरून उभी राहिलेली पाहिली. विचारलं की म्हणते पित्त आहे, बाबांच्या बाटलीतली पित्ताची गोळी घेतली की बरं वाटतं. बरं वाटलेलं मला तरी दिसलं नाही. ती काहीतरी लपवते आहे. तिकडे पडली आणि अर्जात लिहिलेलं नसलं, तर विमा म्हणजे नुसता कागद. तुझ्याशी ती मोकळेपणाने बोलते. काही म्हणाली असेल तर मला कळायला हवं.

तुझा लोभ आहेच, तो माहितीसकट असावा.

तुझी भाची

११ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला शाळेत हजेरी दिल्यासारखं वाटलं. घे लिहून. साखर आहे, मोठ्या अक्षरात लिही. डावा गुडघा जिन्याला घाबरतो. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला, दुसऱ्यातला पिकतोय. कानांचं तुला ठाऊकच आहे. एवढं वाचून कंपनीने मला सामानात टाकलं तरी माझी तक्रार नाही, फक्त खिडकीजवळ टाका म्हणावं.

तुझी आई आजार लपवणारी नव्हे. तिच्या पोटात काही राहत नाही. मागे तिला मूळव्याध झाली ती आम्हाला तुमच्या दूधवाल्याकडून कळली. तिच्यामागे हात धुऊन लागू नकोस. आणि तुझे बाबा ‘नाही’ म्हणतात तर ‘नाही’ लिहून मोकळी हो. सगळ्याच गोष्टी तुमच्या त्या प्रयोगशाळेतल्या काट्यांसारख्या तपासायच्या नसतात.

बाकी इकडे ठीक. नवा नळ आल्यापासून पाण्याचं सुख आहे. जुना पंप दिवाळखोर जावयासारखा कोपऱ्यात बसला होता, तो थंडी सुरू होण्याआधीच भंगारवाल्याला देऊन टाकला. त्या जागी आता कुंड्या ठेवल्यात.

जेवत जा वेळेवर. माया आहे तशीच आहे, ती मोजायला येऊ नकोस.

तुझी आत्या

१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पंप भंगारात गेल्याचं वाचून तुझ्यासाठी बरं वाटलं. मग मी पत्र बाजूला ठेवलं आणि पुन्हा हातात घेतलं. कारण बाबा दर महिन्याला पान्ह्यांची पिशवी घेऊन तुझ्याकडे येतात ते तो पंप दुरुस्त करायला. या महिन्यातही आले होते. परत आल्यावर आईला म्हणाले की पंप अजून गळतो, पुढच्या महिन्यात पुन्हा जावं लागणार. कुंड्या गळत असतील तर तसं कळव.

आता दुसरी गोष्ट. परवा आई जिन्यातच खाली बसली. बाबा बाहेर होते. मी आमच्याकडचं, मीच तपासलेलं रक्तदाबाचं यंत्र आणून लावलं. दाब बराच खाली आणि नाडी फार सावकाश. शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आईला फिरवून फिरवून एकच विचारलं, रक्तदाबाची किंवा हृदयाची एखादी गोळी घेता का. आईने शपथेवर सांगितलं की थायरॉइडची एक आणि जेवण जड झालं तर पित्ताची एक, तिसरी नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी दडवते आहे. त्या गेल्यावर आईने मला बजावलं की यातलं बाबांना काही कळता कामा नये, नाहीतर ते तिकिटं रद्द करतील आणि नातीचं तोंड बघणं राहून जाईल.

म्हणजे घरात एकाचा पंप खोटा आहे आणि दुसरीची चक्कर गुपित आहे. कामावर आम्हाला एक शिकवलं आहे: दोन काटे जुळत नसले की लगेच एकाला खोटं ठरवायचं नाही, आधी दोन्ही कशाला जोडले आहेत ते बघायचं. मी बघते आहे. तू पाहिलेलं असशील तर माझे कष्ट वाचव.

उत्तराची आणि तुझ्या मायेची, दोन्हींची वाट पाहते.

तुझी भाची

२० फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

शेजारणीकडून तुला फोन करवला तो पोचला, आणि तू बाटली उचलून तुझ्या कपाटात कुलपात ठेवलीस असं ती म्हणाली. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. फोनवर तिने तुटक सांगितलं असेल, आता नीट लिहिते.

बाटलीतल्या गोळ्या पित्ताच्या नाहीत. त्या तुझ्या बाबांच्या हृदयाच्या आहेत, नाडी धिमी करणाऱ्या. गेल्या उन्हाळ्यात तो माझ्याकडे आला तेव्हा चढावर छातीला हात लावून उभा राहिला. मी धरून इथल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. तेव्हापासून दर महिन्याला येतो, तपासून घेतो, माझ्या हातचं जेवतो आणि पान्हे जसेच्या तसे परत नेतो. तुमच्या गावात दाखवत नाही, कारण तिथले सगळे डॉक्टर त्याला ओळखतात. डॉक्टरांनी एक मोठी तपासणी कधीची सांगितली आहे. हा म्हणतो, दादाकडून आल्यावर बघू. मी बोलले, रागावले, रडूनही झालं. त्याने माझ्याकडून वचन घेतलं होतं.

बाटलीचं असं झालं की तुझ्या आईने त्याला गोळी घेताना पकडलं. ऐन वेळी याच्या तोंडून निघालं, पित्ताची आहे. दुकानदार माणूस, त्याचा शब्द म्हणजे तुमच्या घरात लेबल. तिने विश्वास ठेवला, नुसता मनात नाही, पोटातसुद्धा. ती त्यातल्या घेते हे त्याला माहीत नाही, आणि तुझ्या पहिल्या पत्रात ते वाचूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दुसरं पत्र वाचलं तेव्हा पडला.

वचन मोडलं. तुला सांगितलं, आता त्याला तू सांग. मला ते तोंड नाही.

रागावलीस तरी माझीच राहा.

तुझी आत्या

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीने मला समोर बसवून सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. तिने बाटली टेबलावर ठेवली आणि विचारलं की यात काय आहे, हे एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलं असतं तर तुम्ही काय उत्तर दिलं असतं.

मी दुकानात कुणाला चुकीची गोळी दिली नाही. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर माणूस परत पाठवायचो, पावसातसुद्धा. आणि घरात हिला मी अशी गोळी दिली, तीही न देता. ती भिंत धरून चालायची तेव्हा मी तिला म्हणायचो, वय झालं तुझं.

तुझी भाची विम्याचे प्रश्न वाचत होती तेव्हा मला प्रत्येक प्रश्न माझ्यावरच रोखलेला वाटायचा. खरं लिहिलं तर डॉक्टर जाऊ देणार नाहीत, मी नाही तर ही जाणार नाही, असा माझा हिशेब. हिला नात दाखवायची होती, बस.

वचन मोडलंस म्हणून तुझ्याशी बोलणार नव्हतो. पण ही माझ्याशी बोलत नाही, लेक कामापुरतं बोलते, आता तूही गेलीस तर मी भाजीवाल्याशी किती बोलणार. सोमवारी तपासणीला येतो. या वेळी पान्हे आणणार नाही.

लहान भावावरचा हात काढू नकोस.

तुझा धाकटा

१५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबा घरी आले. तुझ्या डॉक्टरांनी तपासणीत सापडलेला अडथळा तिथेच मोकळा केला. ते म्हणाले की परदेशात, परक्या दवाखान्यात हे व्हायचं ते इथे झालं, यातच सगळं आलं. एप्रिलचा प्रवास रद्द. पुढची थंडी संपल्यावर पुन्हा विचार करू असं त्यांनी सांगितलं आहे. तोवर दादाचं बाळ चालत दार उघडायला येईल.

कंपनीला मी सगळं खरं सांगून विचारून पाहिलं. ते बाबांच्या हृदयासाठी वेगळी रक्कम घेतील, आणि प्रकृती काही महिने स्थिर असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागतील. स्वस्तवाल्यांचा एजंट अजून फोन करतो आणि म्हणतो, कशाला त्रास करून घेता, आम्ही काही विचारत नाही. मी त्याला सांगितलं की तेच तर.

आई बाबांशी बोलायला लागली आहे, पण अजून विश्वास ठेवत नाही. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला तरी आधी वास घेते आणि मग पिते. बाबांनी घरातल्या सगळ्या बाटल्यांना लेबलं लावली. मिठाच्या बरणीलाही लावलं आहे.

नवा अर्ज भरायला घेतला आहे. तीन माणसांचं झालं, तुझ्यापाशी अडले. शेजारणीचा फोन आला त्या दिवशी आई बाजूच्या खोलीत झोपली होती, म्हणून मी अगदी हळू बोलले, इतकं हळू की मलाच जेमतेम ऐकू येत होतं. शेजारणीने माझ्या एकेका प्रश्नाला मी विचारताक्षणी उत्तर दिलं, मध्ये कुणाला न विचारता. शेवटी मला फूटपट्टी म्हणाली आणि जेवत जा म्हणाली. एवढी माहीतगार शेजारीण तुला असेल असं मला वाटत नाही.

मग मी बाबांच्या तुझ्याकडच्या फेऱ्या आणि तुझे कान शेजारी मांडून पाहिले. दोन्ही गेल्याच उन्हाळ्यात सुरू झालं. त्याआधी आई तुला रोज फोन करायची आणि तशीच करत राहिली असती तर आमचे हे तिकडे काय करतात असं तिने विचारलंच असतं. तुला खोटं बोलता येत नाही आणि वचन मोडता येत नव्हतं, म्हणून तू ऐकू येणंच बंद केलंस. एवढे महिने एकटी बसून राहिलीस, कुणाचा फोन नाही.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तुझ्या आजारांत साखर, गुडघा आणि डोळा लिहिला. कान खोडले. खोटा आजार लिहिणंसुद्धा चालत नाही. उद्या संध्याकाळी जेवणं झाली की आई तुला फोन करणार आहे. उचल.

लोभ असू दे, आणि आता तो ऐकूही येऊ दे.

तुझी भाची