माझ्या मापाचे दांडे

मी खाली सही करणारा, वय वर्षे चोवीस, धंदा वेल्डिंग, शिक्षण सातवी आणि तीही अर्धी, आज शुद्धीत आणि न पिता हा कागद लिहून ठेवतो. कुणी धाक घातलेला नाही. उद्यापासून मला नव्या मनोऱ्याच्या तिसाव्या मजल्याबाहेर झोपाळ्यावर लटकून काम करायचे आहे. ठेकेदार म्हणाला, "वर जायच्या आधी वारसाचा कागद द्या, मागाहून आमच्या डोक्याला ताप नको." त्याच्या छापील कागदावर एकच ओळ होती. माझे एका ओळीत भागत नाही, म्हणून हे मृत्युपत्र.

राहणार : इथेच पहिली अडचण. मी अर्ध्या खाटेत राहतो. संध्याकाळी सात ते सकाळी सात खाट माझी, उरलेला वेळ पिठ्याची. पिठ्या बेकरीत रात्रपाळी करतो, भुवयांतले पीठ कधी निघत नाही म्हणून पिठ्या. दोन वर्षे आमची उशी एक आहे, पण दोघे एकदम जागे असे आम्ही फक्त रविवारी भेटतो.

कलम १. गावच्या घरातला माझा हिस्सा आईला, तिच्यामागे थोरल्या दादाला. दादा, तू चारचौघांत म्हणालास, "याच्या पायाला भिंगरी, याला घर काय करायचंय?" ते मी विसरलेलो नाही. नऊ कामे सोडली हे खरे, पण घर नको असे मी कधी म्हटले नव्हते. हिस्सा घे, आणि आईला दाराजवळ झोपवू नकोस. तिथे गार वारा लागतो.

कलम २. बँकेत असेल ते सगळे आईचे. आकडा मोठ्याने वाचू नये.

कलम ३. वेल्डिंगचे मशीन ठेकेदाराचे आहे, ते त्याला. चामडी हातमोजे पिठ्याला, भट्टीपाशी उपयोगी पडतील.

कलम ४. खाटेतला माझा अर्धा भाग शिंपीकाकांना. हे कलम का, ते सांगावे लागेल.

शिंपीकाकांची खोली आणि दुकान एकच होते. चाळीस वर्षे तिथे मशीन चालले. मग भाडे दुप्पट झाले, मग तिप्पट, मग इमारतच पाडली. मी उद्या लटकणार तो मनोरा त्याच जागेवर आहे. त्याच्या गच्च्यांचे कठडे मीच जोडले. दोन वर्षांत एकाही गच्चीत वाळत घातलेला टॉवेल दिसला नाही. रिकामी घरे राखायला तीन पहारेकरी आहेत, आणि ते तिघे कुठे झोपतात ते विचारू नये.

काका वाचनालयासमोरच्या बाकावर झोपू लागले. डॉक्टरने पाठीसाठी कडक फळीवर सरळ झोपायला सांगितले होते, ते तिथे फुकट जमले. त्यांच्यासारखे पुष्कळ होते. लोकांनी तक्रारी केल्या, आणि शहराने उपाय काढला. घरे नव्हे. दांडे.

काम आमच्याच ठेकेदाराला मिळाले. पालिकेचे टेपवाले साहेब आले, मला म्हणाले, "जरा आडवा हो रे." मी हसत बाकावर पडलो. कामावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. साहेबांनी माझ्या कमरेपाशी एक खूण केली, गुडघ्यापाशी एक.

"इथं एक, इथं एक. कुणी पाय पसरता कामा नये."

"साहेब, याला म्हणायचं काय?"

"हाताला आधार. म्हाताऱ्यांना उठायला बरं."

एकशे साठ बाकांवर मी दांडे जोडले. शहरात कुठेही जा, माझ्या कमरेला आणि गुडघ्याला लोखंड आडवे आहे. वर पाटी लावली, 'शहर सर्वांचे'. निवाराही उघडला म्हणे. त्याच्या दारात राहत्या घराचा पुरावा मागतात. हे ज्याच्या डोक्यातून निघाले त्याची मला किळस येते, आणि शिट्टीवर हसत पडलेल्या माझी त्याहून जास्त.

काकांनी गळ्यातली टेप काढून दांड्यांतले अंतर मोजले. "माप कुणाचं घेतलं?"

"माझं."

"तरीच. मी तुझ्यापेक्षा उंच. मला बरगडीत येतो." मग टेप गुंडाळत म्हणाले, "चाळीस वर्षं लोकांना नीट बसावं म्हणून मापं घेतली रे. बसू नये म्हणून घेतलेलं माप पहिल्यांदाच बघतोय."

शिवी दिली असती तर बरे झाले असते.

खाटेबद्दल मालकीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "अर्धी खाट वारसाला जात नसते. आणि पुढल्या महिन्यापासून एका खाटेला तिघं, आठ-आठ तास." तरी हे कलम राहू द्यावे, आणि त्यांना मोठ्याने वाचायला लावावे.

कलम ५. टेपवाल्या साहेबांना दांडे असलेला कुठलाही एक बाक. त्यावर आडवे होऊन दाखवावे.

~~कलम ६. बॅटरीवरचा ग्राइंडर पिठ्याला, या अटीवर की मी मेल्यावर त्याने काकांच्या बाकाचे दोन्ही दांडे कापावे आणि कडा घासाव्यात, सदरा फाटता कामा नये. जिवंतपणी माझ्याने होणार नाही. दांडे मीच जोडलेत, पहिला संशय माझ्यावर येईल आणि काम जाईल.~~

कलम ६ खोडले आहे. कारण असे की आज सकाळी सह्यांसाठी दोघांना त्याच बाकाशी बोलावले आणि कागद वाचून दाखवला. सहावे कलम ऐकून काका म्हणाले, "म्हणजे मी सरळ कधी झोपायचं? तू पडल्यावर?"

पिठ्या म्हणाला, "आणि मला लोखंड येत नाही रे भाऊ. मी पाव कापतो."

मी कागद बाकावर ठेवला. ग्राइंडर पिशवीत होता.

ठिणग्या उडताना एक बाई थांबल्या. "दुरुस्ती का?"

"हो बाई."

"बरं झालं," म्हणाल्या आणि गेल्या.

दोन्ही दांडे निघाले. कडा घासल्या, त्यावरून तळहात फिरवून पाहिला. ठेकेदाराला कळून काम गेले तर मी उद्या वर चढणार नाही आणि या कागदाची इतक्यात गरज लागणार नाही. तरी बाकीची कलमे कायम. ग्राइंडर तूर्त माझ्याकडेच राहील. एकशे एकोणसाठ बाक उरले आहेत.

स्थळ : वाचनालयासमोर. तारीख पाच, रविवार, सकाळचे साडेदहा.

लिहून ठेवणार : वेल्डर (सही)

साक्षीदार पहिला : पिठ्या, बेकरी कामगार, राहणार माझीच खाट, दिवसा. (सही, कागदाला पीठ लागले आहे.)

साक्षीदार दुसरा : शिंपीकाका, राहणार हाच बाक. (सही आडवे पडून केल्यामुळे तिरकी आली आहे. ती ग्राह्य धरावी.)