डावीकडे अर्धा इंच

६ फेब्रुवारी, गुरुवार

खोकं आलं. खोकं कसलं, पेटाराच! चार लांबडे शॉकअप, चार स्प्रिंगा, आकड्यासारखे दोन पाने आणि नुसत्या चित्रांचं एक चोपडं. दुकानात कापड बेततो त्या टेबलावर सगळं मांडून ठेवलंय. शेजारचा चष्मेवाला डोकावला. म्हणे, "मास्तर, आता लोखंडाचे कपडे शिवणार का?" म्हटलं, बायकोसाठी शिवतोय.

कशासाठी ते लिहून ठेवतो. हिच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन आज बारा दिवस झाले. शाळेच्या मैदानावर मुलींना खेळ शिकवता शिकवता पडली. आता फिजिओच्या केंद्रात आहे, सतराला घरी सोडणार. मी सगळे दिवस तिच्या खाटेशेजारच्या खुर्चीत. दुकानाला कुलूप. एकदा उघडून कात्री हातात घेतली होती, पण हात थरथरायला लागला. ठेवून दिली.

परवा मला म्हणाली, "घरी न्याल ते आपल्याच गाडीतून. भाड्याच्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. पण आपली गाडी बुटकी आहे, बसताना खुबा वाकतो. ती उंच करा." म्हटलं, उशी ठेवू. "मग डोकं छताला लागेल." तेही खरंच, माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. "बरं, माणूस लावतो." तर म्हणे, "माणूस नको. तुमच्या हातचं हवं."

माझ्या हातचं! तीस वर्षांत माझ्या हातचा एक कोट हिला पहिल्या खेपेला पसंत पडलेला नाही.

पण कबूल करून बसलोय. लग्नाआधी दोन वर्षं सासऱ्यांच्या गॅरेजात पाने उचलत होतो, त्या भांडवलावर. सतराला गाडी तयार नसली तर तिला काय तोंड दाखवणार?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चोपडं तीनदा बघून काढलं. स्प्रिंगखाली एक कडं असतं, आट्यांवर बसवलेलं. ते फिरवून वर चढवलं की गाडी वर, उतरवलं की खाली. पँटच्या दुमडीसारखंच. आपल्याला जमेल असं वाटतंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ, सासऱ्यांचं गॅरेज आता तोच चालवतो. गाडी टेकवायला चार लोखंडी घोडे घेऊन आला. मनात म्हटलं, बरं झालं, आता दोन तासांत उरकेल. कसलं काय! घोडे लावून दिले, हलवून बघितले, आणि माझ्याच दुकानातलं स्टूल आणून पार्किंगमध्ये बसला. मी गाडीखाली, हा स्टुलावर. म्हटलं, जरा तो मोठा पाना दे. म्हणाला, "तुमच्या उजव्या हाताशीच आहे, भाऊजी." हात लांब करून दिला का? नाही!

पुढचं उजवं चाक आज झालं. एकाच गंजक्या बोल्टने दोन तास खाल्ले. पण नवं बसवताना एकेक बोल्ट जागेवर गेला की लगेच पक्का आवळून टाकला. अर्धवट सोडलेलं काम मला बघवत नाही.

संध्याकाळी केंद्रात गेलो. काळी नखं बघून ही हसत सुटली. तिच्या ताटातलं निम्मं मी खाल्लं, सपाटून भूक लागली होती.

९ फेब्रुवारी, रविवार

पुढचं डावं. इथे भोकात भोक जुळेना, म्हणून चाकाला धरणारा खालचा लोखंडी दांडा, आर्म म्हणतात तो, जॅक लावून वर उचलला आणि मग बोल्ट घालून आवळला. कालच्यापेक्षा लवकर झालं. मेहुणा स्टुलावर. चार शब्द बोलला असेल, त्यातले दोन "चहा घेऊ".

त्याला काय वाटत असेल ते कळतं मला. शिंप्याने गाडीला हात लावलाय, बघूया काय दिवे लावतो. बघ बाबा, बघ.

१० फेब्रुवारी, सोमवार

मागची दोन्ही झाली. सोपी होती. घरी येऊन अंथरुणावर पडलो तो थेट सकाळीच जाग आली. ही पडल्यापासून अशी झोप लागली नव्हती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी जमिनीवर उतरवली. दहा पावलं मागे गेलो आणि बघितलं. गाडी तिरकी! पुढून डाव्या अंगाला कललेली. टेप लावला – चाकाच्या वरच्या कमानीपासून जमिनीपर्यंत डावीकडे अर्धा इंच कमी. कड्यांचे आटे मात्र दोन्हीकडे मोजून सारखे.

अर्धा इंच. कुणाच्या कोटाचा एक खांदा अर्धा इंच खाली आला तर मी तो कोट दुकानाबाहेर जाऊ देत नाही. आणि ही डावीकडेच बसणार!

चष्मेवाला म्हणाला, "मास्तर, गाडी डोळा मारतेय." आज हसू आलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डोकं थंड ठेवून एकेक गोष्ट तपासली. पार्किंगची फरशी उताराची आहे, पाणी जायला केलेली. म्हणजे जमिनीपासून मापणंच चूक. मग चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत मापलं. फरक तेवढाच. गाडी उलट तोंडाने लावली, तरी तेवढाच. टायरची हवा, चारही सारखी. स्प्रिंगचं टोक खाचेत बसलंय का ते बॅटरी लावून बघितलं. बसलंय. डिकी रिकामी केली – दोन छत्र्या आणि हिच्या शिट्ट्यांचा डबा. त्याने काय होणार, पण केली.

शेवटी डावं कडं तीन आटे वर चढवलं. पुढचं डावं आलं थोडं वर, पण तोवर मागचं उजवं खाली गेलं. ते चढवलं तर तिसरंच बिनसलं. एक खुर्ची डगमगते म्हणून पाय कापत बसावं, तसं चाललंय माझं.

मेहुणा सकाळपासून होता. मी विचारलं, "तुला काही सुचतंय का?" गाडीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाला, "सुचेल तुम्हाला." जळफळाट झाला माझा. सख्ख्या बहिणीचं काम आहे, आणि हा पान्याला बोट लावायला तयार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काही नाही. चार दिवस उरले.

हिला सांगितलं, नाही जमत गं. वाटलं, म्हणेल राहू दे. तर म्हणाली, "ट्रायलला कोट बसला नाही की तुम्ही तो फेकून देता का?" आणि मला ओंजळभर द्राक्षं दिली. तिच्या भरवशाचं ओझंच वाटायला लागलंय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं. सगळं नीट लिहितो.

सकाळी मी गाडीखाली पडून नुसताच वर बघत होतो. मेहुणा स्टुलावरून म्हणाला, "भाऊजी, उजवीकडचे आर्मचे बोल्ट कधी आवळलेत?"

"शनिवारी. बसवल्या बसवल्या."

"तेव्हा गाडी कुठे होती?"

"घोड्यांवर."

"आणि चाक?"

"काढलेलं. सगळं खाली लोंबत होतं."

"आणि डावीकडचे?"

डावीकडे मी आर्मखाली जॅक लावला होता. आर्म वर उचललेला असताना बोल्ट आवळला. मेहुण्याने कप उचलला. चहा पीत बसला.

आणि मला लख्ख दिसलं. त्या आर्मच्या सांध्यात रबर असतं. लोंबत्या आर्मवर बोल्ट पक्का आवळला की रबर तिथेच धरून बसतं. मग गाडी खाली उतरली तरी ते पिळलेलं रबर तिला पुरतं बसू देत नाही. उजवी बाजू अशी अडकून वर राहिलेली. डावीत दोष नव्हताच! तीन दिवस मी धडधाकट बाजूला औषध देत होतो.

तीस वर्षं मी कच्चा टाका घालतो, गिऱ्हाइकाला त्याच्या पायांवर उभं करतो, ट्रायल घेतो, आणि मगच पक्की शिलाई. कुणी कितीही घाई केली तरी. आणि इथे गाडीला हवेत टांगून पक्की शिलाई मारून मोकळा झालो. मी! दुसऱ्या कुणी केलं असतं तर दुकानात बसून हसलो असतो.

चारही चाकांचे सांधे सैल केले. फिरवलेली सगळी कडी होती तिथे परत आणली. चाकांखाली जाड फळ्या घालून गाडी तिच्या स्वतःच्या वजनावर उभी केली, पुढे-मागे ढकलली, चारही कोपरे दाबून दाबून हलवले. मग खाली शिरून सगळे बोल्ट आवळले. टेप लावला. डावं, उजवं. उजवं, डावं. सारखं. केसाचाही फरक नाही.

मेहुण्याच्या गळ्यात पडलो, ग्रीसच्या हातांनी. तो अवघडला. मी त्याला म्हटलं, तुला नावं ठेवत होतो रे इतके दिवस. आठवडाभर त्याचं गॅरेज दुपारपर्यंत बंद होतं, हे माझ्या आज लक्षात आलं. एका माणसाने आपलं काम सोडून स्टुलावर बसायचं आणि दुसऱ्याला त्याचं त्याला सापडेपर्यंत थांबायचं, हे मला जमलं नसतं. देव त्याचं भलं करो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

टायरवाल्याकडे चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. त्याने विचारलं, काम कुठे केलंत? म्हटलं, घरी. "चांगलं केलंय." येताना शीळ घालत आलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आणली घरी.

व्हीलचेअर गाडीशी लावली. तिने दाराला धरलं, पाठमोरी झाली, आणि सीटवर अशी टेकली की गुडघे मुळीच वर आले नाहीत. चेहऱ्यावर कळ उमटली नाही. मी तेवढंच बघत होतो. पाय एकेक करून उचलून आत घेतले. मग गाडीच्या छताकडे बघून म्हणाली, "पहिल्या खेपेला पसंत." वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी श्वास धरत होतो आणि ती माझ्याकडे बघून हसत होती.

आता आत झोपलीये. तिच्या श्वासाचा आवाज इथवर येतोय. मला दुसरं काही नको.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुकान उघडलं. हात अजिबात थरथरला नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तपासणी होती. पाय छान आहे. डॉक्टर बोलत बोलत दारापर्यंत आले, गाडी बघून म्हणाले, "उंच केलीत वाटतं? कशासाठी?" मी सांगितलं. तर म्हणाले, "अहो, यांना मी तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं की कुठल्याही साध्या गाडीतून जा म्हणून." मी हिच्याकडे बघितलं. ही रस्त्याकडे बघत होती.

गाडीत बसल्यावर बोलली. "त्या खुर्चीतून हलत नव्हता तुम्ही. जेवत नव्हता, झोपत नव्हता. माझा खुबा डॉक्टर बघत होते, तुम्हाला कोण बघणार? धाकट्याला सांगितलं, ते गाडीखाली असतील तोवर तिथून हलू नकोस. पण काम त्यांचं त्यांनाच करू दे."

तिचा हात धरून तसाच बसून राहिलो. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता. वाजवू दे म्हटलं.