काच हालता कामा नये

४ एप्रिल १९९२, शनिवार. गुढीपाडवा. जळगाव.

आजपासून रोजनिशी. डिसेंबरात रिटायर झालो (झेडपी बांधकाम, हेड ड्राफ्ट्समन), तेव्हापासून दिवस नुसते निसटतायत. शिस्त हवी.

मुहूर्तावर गाडी काढली. १९३८ सालची, विलायती, वरून उघडी. दीपनगरच्या एका इंजिनिअरसाहेबांची बदली झाली तेव्हा घेतली. सौ.च्या मते त्यांनी ती माझ्या गळ्यात मारली. इंजिन खणखणीत. फक्त पुढची काच पितळी फ्रेममध्ये हालते. बाजूच्या दोन छोट्या काचाही हालतात, त्यांना मी कान म्हणतो. आवाज असा की आज गल्लीतून जाताना एक बाई भांडीवाला आला समजून जुन्या साड्या घेऊन बाहेर आली.

एका दिवसाचं काम आहे. हातात महिना. पाच मेला आखाजी (अक्षय्य तृतीया), आमच्या लताची लग्नानंतरची पहिली. धुळ्याला मुराळी म्हणून मीच जाणार आणि तिला याच गाडीतून माहेरी आणणार. तसं लग्नाच्या मांडवात माइकवर सांगितलंय. कुणी विचारलं नव्हतं. व्याही सुकदेवआबा त्यावर एवढंच म्हणाले, "या की." त्यांच्या घरचा रिवाज कडक. न्यायला माहेरचा माणूस आल्याशिवाय सून उंबऱ्याबाहेर पाठवत नाहीत.

५ एप्रिल, रविवार.

काचेचं ड्रॉइंग केलं. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन. सेक्शन विशेष देखणा. काचेला हात लावला नाही. घाई नको.

९ एप्रिल.

काचेच्या कडेने लांबी (पुट्टी) भरली. दुकानदार म्हणाला, दोन दिवस वाळू द्या. एक दिवस दिला. माझ्या मते आपल्याकडचा एक दिवस इतर ठिकाणच्या दोन दिवसांबरोबर धरायला हरकत नाही.

१० एप्रिल.

लांबी माझ्या मांडीवर पडली. वाळलेली नव्हती.

१३ एप्रिल, सोमवार.

लताचं पत्र. नाना, आखाजीच्या आठ दिवस आधी न्यायला आलात तर बरं. झोका बांधायला मीच असेन. आईला सांजोऱ्या करू लागेन. इथे सगळं चांगलं आहे, फक्त दुपारी फार शांत असतं.

लगेच उत्तर लिहिलं. काचेची सद्यःस्थिती सविस्तर कळवली, सोबत सेक्शनची नक्कल. सौ. म्हणाली, पोरीने कधी येता विचारलं, तुम्ही काच पाठवली. सौ.ला टेक्निकल बाजू कळत नाही.

१७ एप्रिल.

सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून फ्रेममध्ये दाबल्या. रिझल्ट उत्तम. गाडी उभी असताना काच अजिबात वाजत नाही.

१८ एप्रिल.

गाडी चालवून पाहिली. तूर्त त्याविषयी लिहीत नाही.

२० एप्रिल.

नाइलाजाने कौतिक मिस्त्रीकडे. पारोळ्याकडचा माणूस, जुन्या जीपगाड्यांत आयुष्य गेलं. त्याने काचेला बोट लावलं, दार हालवलं, मग गाडीचा एक कोपरा जॅकने उचलून फ्रेमकडे बघत राहिला. म्हणाला, "नाना, गाडी उघडी शे. रस्तामा ती बठ्ठी वाकस. काचले थोडी ढिल ऱ्हाऊ द्या. जाम करशात ते तडकी जाई." अख्खी गाडीच वाकते तर काच आवळू नका, चार जागी जाड लोकरी नमदा लावून देतो, थोडी वाजेल, पण टिकेल, असं त्याचं मत.

मी त्याला ड्रॉइंग दाखवलं. ड्रॉइंगमध्ये गाडी कुठेही वाकलेली नाही. त्याने कागद दोन्ही बाजूंनी बघितला आणि परत केला.

वाजणारी काच घेऊन व्याह्यांच्या दारात जायचं? मग मांडवातल्या माइकचा अर्थ काय? गाडी परत आणली.

२४ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ११.

सापडलं! शेजारच्या झुलालभाऊंच्या केळीच्या मळ्यात गेलो होतो. बांधावर ठिबकच्या काळ्या नळ्यांचं भेंडोळं पडलेलं. नळी उभी चिरायची, काचेच्या कडेवर चढवायची, वरून फ्रेम आवळायची. अख्ख्या जिल्ह्यात घरोघरी ही नळी पडलेली असताना हे आजवर कुणाला सुचलं नाही. झुलालभाऊ म्हणाले, "न्या नाना, किती बी न्या. पन पोरले कधी आनतस?" सगळे एकच प्रश्न विचारतात.

२६ एप्रिल, रविवार.

सौ. म्हणाली, दोन-अडीच तासांत एस.टी. धुळ्याला जाते. सकाळी जा, संध्याकाळी पोरीला घेऊन या. गाडी पुढच्या आखाजीला.

मी तिला शांतपणे समजावलं की पहिली आखाजी एकदाच येते. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

जेवण उरकून नळीची मापं घेतली. घोडामैदान जवळच आहे.

२९ एप्रिल.

लताचं दुसरं पत्र. चार ओळी. नाना, एस.टी. चालेल. शेजारच्या दोन्ही सुनांना त्यांचे भाऊ येऊन घेऊन गेले. आबा रोज विचारत नाहीत, पण फाटकाकडे बघतात. मी पिशवी भरून ठेवली आहे.

पोर मन मोठं करून एस.टी. चालेल म्हणते. अशा पोरीला एस.टी.ने आणणं मला शोभणार नाही. नळी चिरायला घेतली. हात कापला. किरकोळ.

१ मे, शुक्रवार.

ऊन भयंकर. नळी मऊ पडते, काच सरकते. तोड निघाली. नळीच्या आत सागवानी पाचरी, आठ. स्क्रू शेवटच्या आट्यापर्यंत. कान तारेने बांधले. सौ. पुरणाची डाळ निवडत होती. तिने खिडकीतून बघितलं, पण काही म्हणाली नाही. हे बरं लक्षण आहे.

२ मे, शनिवार.

टेस्ट. काव्यरत्नावली चौकापर्यंत जाऊन आलो. आवाज शून्य! काचेवर चहाची कपबशी टेकवून धरली, किणकिणलीसुद्धा नाही. हालत नाही म्हणजे नाही. कौतिकच्या गॅरेजवरून मुद्दाम दोनदा गेलो. दोन्ही वेळा तो गाडीखाली होता.

आजच निघता आलं असतं. पण पितळ चकचकीत करून घ्यायचं राहिलंय. लताने फाटकातून बघावं तेव्हा फ्रेम उन्हात चमकली पाहिजे.

३ मे.

दिवसभर पितळ. चिंच, राख, कोपर दुखते. अप्रतिम चमक. उद्या सकाळी सातला कूच. अकराला धुळे, बाराला पाहुणचार, चारला परत निघणे, तिन्हीसांजेला लता दारात. सौ.ला वेळापत्रक वाचून दाखवलं. म्हणाली, वरातीमागून घोडं न्या आता.

४ मे, सोमवार. पारोळ्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला. दुपार.

पेन्सिलीने लिहितोय.

पाळधीला उजवा कान पडला. तार तशीच राहिली, कान गेला. शोधला नाही, मुख्य काच भक्कम होती. एरंडोल झकास. लोक वळून बघत होते. त्यानंतर रस्ता उखडलेला. एका खड्ड्यात डावं चाक गेलं आणि कानाशी कुणी चुटकी वाजवावी तसा आवाज झाला. बस, एवढाच. खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ. सरळ. माझ्या टी-स्क्वेअरने मारावी तशी.

गाडी थांबवून फ्रेम उतरवली. दोन तुकडे फ्रेममध्ये कसेबसे उभे होते. हात काढला की निसटणार. म्हणून दोन्ही हातांनी धरून लिंबाखाली बसलो. नीट विचार केला असता तर तेव्हाच ठेवली असती खाली. पुढे जाता आलं असतं, इंजिनला काहीच झालं नव्हतं. पण बिनकाचेची गाडी घेऊन आबांच्या फाटकात कसा जाणार? मागेही जाववेना. काहीच सुचेना. तासभर तसाच बसलो. या आयुष्यात इतका बिनकामाचा मी कधी नव्हतो.

झाडाखाली लिंबू-पाणी विकणारी झुंबरबाई म्हणून एक म्हातारी होती. म्हणाली, "भाऊ, अशी काच कसाले धरी बठनात?" मी म्हणालो, पोरीला आणायला चाललोय. तिने माझ्या हातांकडे बघितलं. मग ग्लास माझ्या तोंडाला लावून पाणी पाजलं, कारण माझे हात मोकळे नव्हते.

तेवढ्यात धुळ्याकडून एस.टी. आली. जळगावची पाटी. खड्ड्यांमुळे हळू. तिसऱ्या खिडकीत लता.

तिने मला बघितलं. आधी गाडी बघितली, मग मला. उठून उभी राहिली, काहीतरी ओरडली. नुसता हात वर केला असता तर बस थांबली असती. दोन्ही हातांत काच होती.

बस गेल्यावर काच खाली ठेवली. लगेच तुकडे झाले. धरून काही उपयोग नव्हता.

५ मे, मंगळवार. आखाजी.

काल बिनकाचेची गाडी चालवत परत आलो. तोंडात, डोळ्यात, कानात धूळ. लता माझ्याआधी दोन तास घरी पोचली होती. कळलं ते असं: काल सकाळी सुकदेवआबांनीच तिची पिशवी उचलली, स्टँडवर आणून बसमध्ये बसवलं. "माहेरचा माणूस आला नाही ते आला नाही, पोरीची आखाजी कशाला बुडवायची," म्हणाले. बापजाद्यांचा रिवाज माझ्यासाठी मोडला त्या माणसाने. मला फार लाज वाटली. दुसऱ्या कुठल्या शब्दात लिहिता येत नाही.

 लताने माझे हात उलटसुलट करून बघितले, हळद लावली. झोका झुलालभाऊंनी परवाच बांधला होता. बायका म्हणे आठवडाभर तिची वाट बघत होत्या. पुरणपोळी, आमरस. मी दोन वाट्या रस कमी घेतला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

नोंद: गाडी काचेविना व्यवस्थित चालते.

१० मे, रविवार. धुळे, सुकदेवआबांचा ओटा. दुपारी ३.

लताला पोचवायला आलो. एस.टी.ने.

खिडकीची जागा तिला दिली. बस सुटली आणि खिडकीची काच खडखडायला लागली. माझ्या गाडीची परवडली. लता पाच दिवस मैत्रिणींत जागलेली, डोळे मिटत होते, पण काच झोपू देईना. मी शांतपणे निरीक्षण केलं. फट साधारण तीन मिलिमीटर. दोघांच्या तिकिटांची (कंडक्टर एका भाड्याला चार-पाच चिठ्ठ्या फाडून देतो) चांगली चळत होती, घडी घालून पाचर मारली. आवाज बंद! महिनाभर जे जमलं नाही ते पाळधीच्या आत जमलं. लता माझ्या खांद्यावर झोपली. हे कौतिकला सांगायलाच हवं, असं ठरवत होतो.

एरंडोलला चेकर चढला. तिकीट.

पाचर काढावी लागली. त्याने प्रत्येक तिकिटाला भोक पाडलं आणि चळत स्वतःच्या खिशात टाकली. काय कारण ते विचारलं नाही, विचारलं असतं तर ती जागी झाली असती. काच परत सुरू. लताच्या कपाळाला आठी पडली. मी हात तिच्यामागून नेऊन काचेवर तळवा ठेवला. फार दाबला नाही. थोडी हालू दिली, नुसती वाजू दिली नाही. आठी गेली.

पारोळ्याचं लिंबाचं झाड गेलं. झुंबरबाई होती. या खेपेलाही हात वर करता आला नाही.

आबांनी गाडीचा विषय काढला नाही. एवढंच विचारलं, "बसायला जागा मिळाली ना?"

स्टँडवर उतरताना लता म्हणाली, नाना, खिडकी किती छान मिळाली, जरासुद्धा वाजली नाही. मी बरं म्हणालो. तिची पिशवी डाव्या हातात घेतली. उजव्याची बोटं अजून सरळ होत नाहीत, अक्षर त्यामुळे असं.