तीन पुड्यांची एक बरणी

३ मार्च, नांदेड
आईच्या पुड्यांनी वैताग आणलाय. गुडघ्यांची देवणीच्या बाजारातली, दम्याची हिमायतनगरच्या जडीबुटीवाल्याची, गॅसची घरीच कुटलेली सुंठ-मिरे-पिंपळी. कुठली कधी घ्यायची, रोज चारदा विचारते. रात्रपाळी करून आले होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हटलं, झाडपालाच आहे ना सगळा, कालव एका बरणीत आणि घे सकाळी एक चमचा. तिने खरंच कालवलं.

९ मार्च
गुडघ्यांचं दुखणं थांबलं म्हणते. दळण स्वतः आणलं. तोंडाला कोरड पडते, बाकी मजेत. वॉर्डात औषधं समजावून घसा बसतो, घरात एका वाक्यात काम झालं. स्वतःची पाठ थोपटली.

१४ मार्च
चारच्या चहाला आईने दोन कप भरले. एक माझा समजून उचलला, तर म्हणाली तो अण्णांचा. वडिलांना जाऊन दीड वर्ष झालं. वय आहे, आठवण येत असेल. कप होता तिथे ठेवला.

१६ मार्च
परत दोन कप. आई अण्णांच्या रिकाम्या बाजेशी बोलत होती. मध्येच थांबायची, ऐकायची, हसायची. ते असताना एवढी कधी हसली नाही. हवेतून काहीतरी वेचत होती, दोरा ओढावा तसं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. नर्स आहे मी, बघताक्षणी कळलं, बरणीचंच काम. दिव्याखाली अंधार. बरणी उचलायला उठले, तेवढ्यात म्हणाली,
"तुझे अण्णा इचारून राहिले. दोनदा फोन लावला, सुमीनं का उचलला न्हाई?"

हे कुणालाच माहीत नाही. अण्णा गेले त्या दिवशी आई मुरुडला मावशीकडे होती. पुण्यानुमोदनाला, त्यांच्या स्मरणाला जमलेल्या सगळ्यांना मी सांगितलं, ऑपरेशनला उभी होते. खरं म्हणजे चहा पीत बसले होते. माझ्या काडीमोडावरून त्यांनी अबोला धरलेला, म्हणून मीही मोबाइल पालथा ठेवला. दोनदा वाजला. ते गेल्यावर त्यांच्या फोनमधले ते दोन कॉल मीच पुसले.

बरणी जागेवरच राहिली.

१७ मार्च
रजा टाकली. सकाळचा चमचा मी भरला. सपाट नाही, शिगोशीग. का, ते मला माहीत आहे.

चार वाजता विचारलं, अण्णांना फोनवर काय सांगायचं होतं? आई बाजेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणत्यात, तिलाच सांगतो." आणि मान कलली. नाडी एकशे चाळीस, अंग तापलेलं, मला ओळखेना. रिक्षात डोकं मांडीवर घेऊन बसले. आई गेली तर मी मारली, एवढं एकच…

१९ मार्च, वॉर्ड
आई शुद्धीवर. डॉ. मॅडम म्हणाल्या, दम्याच्या पुडीत धोत्र्याचं बी असावं, आणि मिरे-पिंपळी दुसऱ्या औषधाला अंगात जास्त शिरू देतात. एकेकटी पुडी कदाचित निभावली असती. शिवाय कालवलेलं सारखं राहत नाही, जड भाग तळाला बसतो, शेवटचे चमचे जहाल. "सिस्टर, तुमच्या घरात हे?" तपासायला बरणी मागितली, आणून दिली. चमचा कुणी भरला ते त्यांनी विचारलं नाही. मीही बोलले नाही.

२६ मार्च
आई घरी. गुडघे परत धरलेत, भिंतीला धरून चालते. त्या दिवसांतलं काही आठवत नाही. अण्णा काय म्हणाले होते, म्हणून विचारलं, तर माझ्याच कपाळाला हात लावून बघितला. "मेलेलं माणूस कशाला येतंय गं? येडी का तू?"
हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

२८ मार्च
आईला शेजारच्या काकूंनी पापड लाटायला नेलंय, सहापर्यंत येत नाही. पावणेचार झाले.

इथे एक लिहायचं राहिलं होतं. बरणी द्यायच्या आधी तळाचा एक चमचा कागदात बांधून घेतला. पुडी ओट्यावर आहे. सोडलेली नाही.

मघाशी बाजेचं सुंभ करकरलं. उन्हानं असेल.

चहा ठेवलाय. दोन कप.