राणीचा भरलेला डबा

मंगळवार, संध्याकाळ. मांडवगण फराटा.

आजही राणीचा डबा शाळेतनं भरलेलाच परत आला. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हेच. धाकटी छकुली डबा पुसून खाते, थोरली राणी झाकणही काढत नाही. हे म्हणाले, "मनावर नको घेऊ. आईविना पोर हाय." मनावर कसं न घेऊ? पोर दिवसभर उपाशी राहते!

शेवटी तिला चुलीपाशी बसवून सरळच विचारलं, "माझ्या हातचं आवडत न्हाई का?"

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "आवडतं. पण डबा उघडला की पोरी विचारत्यात, कुणी केलं? मी काय सांगू?"

एवढंच होतं होय! आणि मी आपली रोज तिखट कमी करत बसले.

"माझं नाव सांग," मी म्हणाले. "आई म्हणायची जबरदस्ती न्हाई."

"तुम्ही मोठ्या हाय. नाव कसं घेऊ?"

"मग तुझं तू ठरव. घाई न्हाई. पण उपाशी ऱ्हायचं न्हाई."

मी खरंच थांबीन, कितीही दिवस लागू देत.

तिनं डबा ओढला, भाकरी मोडली. दोन घास खाऊन म्हणाली, "भाजी लई सपक हाय."